दाढीच्या खुर्चीभोवतीचा वाद

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. नातेपुत्याचा मुक्काम होतो, दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरजवळ गोल रिंगण होतं आणि संध्याकाळी सोहळा माळशिरसला येऊन उतरतो. त्या रात्री गावात पाय ठेवायला जागा नसते. कुणी चहा देतो, कुणी पाय चेपतो, कुणी फोडांना मलम लावतो. याच गर्दीत वाटेवरची नाभिक मंडळी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून वारकऱ्यांची दाढी-कटिंग फुकट करून देतात. दोन आठवडे चाललेल्या माणसाच्या गालावरून गरम पाण्याचा हात फिरला की तो डोळे मिटून घेतो. मला ही सेवा वारीतल्या सगळ्यांत मोठ्या सेवांपैकी एक वाटते, कारण तिच्यात सेवेकऱ्याला प्रत्येक चेहऱ्याला हात लावावा लागतो.

पण वस्तऱ्याच्या दाढीवरून आमच्याकडे दोन पिढ्यांत वाद आहे आणि पालखी जवळ आली की तो हमखास वर येतो. तालुक्यातल्या वेगवेगळ्या दुकानांत तो तुकड्या-तुकड्यांनी ऐकायला मिळतो. इथे मी तो दोन तोंडांत घातला आहे. एक आप्पा, मिसरूड फुटायच्या आधीपासून वस्तरा हातात असलेले. दुसरा त्यांचा पुतण्या. पुण्यात काम शिकून आलेला, फिरत्या खुर्च्यांचं सलून चालवणारा. दोघंही नेक आहेत आणि दोघांचंही काम मी खुर्चीत बसून अनुभवलेलं आहे.

पुतण्या : आप्पा, यंदा पालखीच्या सेवेला तुमचा वस्तरा नको. पात्यांची पाकिटं आणलीत मी. एक पातं मोडायचं, दोन तुकडे करायचे, एका चेहऱ्याला एक तुकडा. झालं की डब्यात.

आप्पा : आरं, वस्तरा घरी ठिवून न्हावी सेवेला गेला तर त्याला काय म्हनायचं? आठ दिस झालं, रोज निसण्यावर लावतोय त्याला. हात लावून बघ धारंला.

पुतण्या : धारेबद्दल कोण बोलतंय? धार चांगलीच आहे. एकाच धारेखाली शंभर चेहरे जातात, त्याचं काय?

आप्पा : माझ्या बापानं उभा जलम त्याच वस्तऱ्यावर काढला. कुनाला काय झालं न्हाई.

पुतण्या : झालं असलं तरी तुम्हाला सांगायला कोण येणार होतं? कावीळ झालेला माणूस दोन-तीन महिन्यांनी पिवळा पडतो. तोवर त्यालाही आठवत नाही दाढी कुठं केली होती ते.

पुतण्याच्या या बोलण्यात तथ्य आहे आणि ते नीट सांगायला हवं. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली, भिंतीभिंतीवर पोस्टरं लागली आणि ‘नवीन ब्लेड वापरा’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. प्रत्यक्षात दाढीच्या खुर्चीत एचआयव्हीपेक्षा जास्त धास्ती हिपॅटायटिस बीची धरायला हवी. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. दाढी करताना कातडीला जे बारीक ओरखडे पडतात ते ना गिऱ्हाइकाला कळतात, ना न्हाव्याला. डेटॉलच्या पाण्यात वस्तरा क्षणभर बुडवला आणि फडक्याला पुसला म्हणजे तो निर्जंतुक होत नाही.

आप्पा : बरं. तुझं पातं नवं. मान्य. आता मला येक सांग, फेसाचा ब्रश कितींदा बदलतुस?

पुतण्या : ब्रश... तो धुतो मी.

आप्पा : पान्याखाली झटकतुस. म्या बघितलंय. आन तुरटी?

पुतण्या : तुरटीनं जंतू मरतात.

आप्पा : मरत असतील. पर तुरटीचा खडा त्येच्या कापलेल्या गालावरनं ह्येच्या कापलेल्या गालावर जातो का न्हाई? पातं बदललंस नि खडा तसाच ठिवलास. तुझ्या दुकानात तुरटीचा येकच खडा हाय, निम्मा झिजलाय.

इथे पुतण्या गप्प बसतो आणि बसायलाच हवं. नव्या पात्यामुळे सगळं काम झालं असं मानणारी दुकानं मला जागोजागी दिसतात. पातं समोर मोडून दाखवतात, गिऱ्हाईक निर्धास्त होतं. मग तोच ओला ब्रश, तोच टॉवेल, पातं धरायच्या साच्यात अडकलेला मागच्या माणसाचा फेस आणि केस. तुरटी खरोखर गुणाची आहे. ती कातडी आकसून घेते, बारीक कापलेल्या जागेचं रक्त थांबवते. पण खडा अंगावर घासायचाच नसतो. तुरटी पाण्यात विरघळवून बाटलीतून फवारावी, नाहीतर छोटे तुकडे करून ज्याचा त्याला द्यावा. फेस ब्रशऐवजी हातानं किंवा ट्यूबच्या क्रीमनं करता येतो. यात खर्च नगण्य आहे, सवय मात्र बदलावी लागते.

पुतण्या : ठीक आहे, ब्रश आणि तुरटीचं मी बघतो. पण तुम्ही वस्तऱ्यावर अडून का बसता? पात्यात काय कमी आहे?

आप्पा : पात्यात कमी न्हाई. पात्यानं तुमच्या हातात कमी केलंय. वस्तरा लावायला शिकताना मानूस धीर शिकतो. दगडावर धार म्होरं करून सरकवायची, चामड्यावर पाठ म्होरं. उलटं केलंस तर चामडं कापतं नि धार गोल व्हती. पान्याचं चार थेंब, हलका हात, दोन्ही बाजू सारख्या. मला माझ्या बापानं वरीसभर कुनाच्या गालाला हात लावू दिला न्हाई. आधी दगड, मंग चामडं, मंग माझीच पोटरी. कापलं तर माझंच कापायचं.

पुतण्या : आणि मी फुग्यावर शिकलो. फुगा फुगवायचा, फेस लावायचा, पात्यानं फेस काढायचा. फुटला की परत पहिल्यापासून.

आप्पा : फुग्याला केस कुठं असत्यात? फुग्याची कातडी आधीच ताठ. मानसाची ताणावी लागती.

या एका वाक्यासाठी मी आप्पांची बाजू पुष्कळदा घेतो. वस्तऱ्याच्या दाढीत सगळ्यांचं लक्ष उजव्या हाताकडे असतं आणि खरं काम डावा हात करतो. आप्पांच्या खुर्चीत बसलं की हे कळतं. आधी गरम पाणी. कोरडा केस टणक असतो; पाणी प्यायल्यावर फुगतो, मऊ पडतो आणि धारेला कमी जोर लागतो. फेस लावून आप्पा दोन-तीन मिनिटं काही करत नाहीत, गप्पा मारतात. फेस मुरत असतो. मग डाव्या हाताचं बोट कानापाशी टेकतं, कातडी वर ओढली जाते आणि कल्ल्यापासून खाली पहिला हात येतो, केसाच्या कलानं. वस्तरा गालाला ना आडवा झोपलेला, ना उभा राहिलेला. मधल्या तिरप्या कोनात. आवाज येतो तो बारीक, कोरड्या गवतातून विळा गेल्यासारखा. आप्पा त्या आवाजावरून केस किती मऊ झालाय ते ओळखतात आणि पुरेसा मऊ झाला नसेल तर थांबून पुन्हा पाणी लावतात.

जबड्याखाली गेलं की केसांची दिशा बदलते. कुणाचे खाली वाढतात, कुणाचे आडवे कानाकडे, कुणाच्या मानेवर भोवरा असतो. घाटीवरून सरळ धार चालवायची नाही. तिथली कातडी बोटानं बाजूला घेऊन सपाट जागेवर आणायची आणि तिथे काढायचं. वरच्या ओठासाठी नाकाचं टोक दोन बोटांत अलगद उचलायचं. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, ती एका ठिकाणी ताणली की दुसरीकडे सुरकुतते. तिथे डाव्या हाताची चारही बोटं कामाला लागतात. तीळ, जुना व्रण, पुळी कुठे आहे हे आप्पा फेस लावतानाच बोटांनी वाचून ठेवतात, कारण फेसाखाली ते दिसणार नसतं.

पुतण्या : हे सगळं मलाही येतं आप्पा.

आप्पा : येतं. पर करत न्हाईस. सा मिन्टात दाढी उरकतुस.

पुतण्या : कारण मागं चारजण मोबाइल बघत बसलेले असतात. दाढीचे पैसे कटिंगच्या निम्मेसुद्धा नसतात आणि धोका दुप्पट. शांत दाढी करायची तर वीस मिनिटं जातात. वीस मिनिटांत मी एक कटिंग करतो. फेशियल केलं तर दिवसाची कमाई होते. भाडं, वीज, दोन पोरांचा पगार, हे दाढीवर भागत नाही.

आप्पा : मंग दाढीचे पैसे वाढव.

पुतण्या : वाढवले की लोक म्हणतात, दाढीला एवढे? घरी करतो की आम्ही.

आप्पा : करू दे घरी. ज्याला घाई हाय त्यानं घरीच करावी. आन तू त्यांना उलटा हात मारतुस ते कशापायी?

पुतण्या : मागतात लोक. गाल काचेसारखा पाहिजे असतो.

आप्पा : मागितलं म्हनून द्यायचं? कुरळ्या केसाच्या पोराला उलटा हात मारलास, चार दिसांनी त्याची मान फोडांनी भरली. म्या त्याला सांगितलं, पंधरा दिस वस्तरा बंद.

इथेही आप्पांचंच खरं. केसाच्या उलट दिशेनं खूप खोल दाढी केली की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. कुरळा केस वाढताना वळतो, बाहेर येण्याऐवजी आतच कातडीत शिरतो आणि तिथे फोड येतो. त्वचेचे डॉक्टर अशा माणसाला जे सांगतात तेच आप्पा कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगतात : उलटा हात नको, कातडी फार ताणू नको, खुंट थोडा राहू दे. कसलेला न्हावी गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो. पुतण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक त्याला तेवढा मान देत नाही, यात दोष मी गिऱ्हाइकाचा मानतो.

वाद इथवर कामाचा होता. पण पुतण्याच्या मनात त्याहून खोल काहीतरी आहे आणि एका दुपारी ते बाहेर येतंच.

पुतण्या : तुम्हाला वस्तऱ्याचा अभिमान आहे. मला तो बघितला की काखेत धोकटी मारून वाड्या-वाड्यावर फिरणारा आजोबा आठवतो. लोक खाटेवर बसायचे आणि तो उकिडवा. सुगीला खळ्यावर जायचं, देतील ते धान्य पदरात घ्यायचं. ‘अरे न्हाव्या’ म्हणून हाक मारायची पोरंसुद्धा. मी खुर्चीत बसवतो गिऱ्हाइकाला, दर पाटीवर लिहितो आणि कुणाच्या दारात जात नाही.

आप्पा : बलुतं वाईटच व्हतं. कालव्याचं पानी आलं, ऊस आला, रोख पैसा आला, मंग ते मोडलं. बरं झालं मोडलं. पर त्या वस्तऱ्यानं काय पाप केलं? सेना म्हाराजांच्या हातात त्योच व्हता.

सेना महाराजांची गोष्ट वारीच्या वाटेवर सगळ्यांना ठाऊक आहे. पूजेत तल्लीन झालेल्या सेनांना राजाकडे जायला उशीर झाला, म्हणून स्वतः देव त्यांचं रूप घेऊन धोकटीसह दरबारात गेला आणि राजाची सेवा करून आला. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी गावोगावच्या नाभिक वस्त्यांत होते. त्यांचं एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे. वस्तरा चालवणाऱ्या माणसाचा शब्द पंढरपूरपासून अमृतसरपर्यंत आदरानं म्हटला जातो, याचा अभिमान आप्पांना वाटतो आणि तो रास्त आहे.

पुतण्या : देवानं राजाची दाढी केली आप्पा. वेशीबाहेरच्या माणसाची कुणी केली? बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलंय. लहानपणी साताऱ्यात एकही न्हावी त्यांचे केस कापायला तयार नव्हता. मोठी बहीण घरी सगळ्या भावंडांचे केस कापायची. तो न्हावी आपल्यातलाच होता ना?

आप्पा : आपल्यातलाच. माझ्या बापानंबी त्यांच्या दाढ्या केल्या न्हाईत. खोटं कशाला बोलू? केली असती तर बाकीच्या गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं, ह्ये खरं. पर त्यानं केली न्हाई, ह्येबी खरंच.

पुतण्या : म्हणून मला पाटीवरचा दर आवडतो. पैसे ठेवले की खुर्ची त्याची. जात कुणी विचारत नाही.

आप्पा : न्हाव्यानं न्हाई म्हनायचं तर कशाला म्हनावं, त्येबी तुला सांगतो. मुंबईत आपल्या लोकांनी विधवांची डोकी भादरायची न्हाईत म्हनून ठरवलं व्हतं.

आप्पा सांगतात ती घटना १८९० सालची. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं तिथे ठरलं. त्या काळात समाजातल्या शिकल्या-सवरल्या माणसांना जे धैर्यानं करता येत नव्हतं, ते दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या कारागिरांनी केलं. एकाच धंद्याच्या हातात नकाराची ही दोन रूपं आहेत. वेशीबाहेरच्या माणसाला दिलेला नकार ही लाज आहे, विधवेच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा नकार हा सन्मान आहे. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या दुसऱ्या नकाराला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही. माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, वकील झालेले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल तरी किती शाळकरी मुलांना माहीत आहेत? आणि जातीवरून खुर्ची नाकारल्याच्या बातम्या देशात आजही अधूनमधून येतात, तेव्हा पुतण्याचा राग जुनाट म्हणून बाजूला सारता येत नाही.

घरी जाऊन दाढी करण्यावरून मात्र दोघांचं जमत नाही.

आप्पा : तू कुनाच्या दारात जात न्हाईस. पर खालच्या गल्लीतला अर्धांगवायूचा म्हातारा तुझ्या फिरत्या खुर्चीत कसा बसंल? म्या दर आठ दिसांनी जातो. त्याचा डावा गाल लोंबतो. दोन बोटांनी उचलून धरावा लागतो. दाढी झाली की हातानं गाल चाचपतो नि हसतो, येकाच बाजूनं.

पुतण्या : तुम्ही जाता ते प्रेमानं जाता. लोकांना ते आपला हक्क वाटतो.

आप्पा : ज्याला वाटतो त्याच्याकडं म्या न्हाई जात. आजारी मानसाच्या घरी जानं म्हंजी बलुतं न्हवं.

मला वाटतं आप्पांनी इथे एक रेघ बरोबर ओढली आहे. आजारी माणसाची दाढी हे शुश्रूषेचं काम आहे. घरातल्या माणसांना ते जमत नाही. सुरक्षित रेझर असूनही हात थरथरतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला छोटी चीर पडली तरी रक्त लवकर थांबत नाही. मधुमेह असलेल्याची जखम भरायला वेळ लागतो. अशा वेळी ‘गोळ्या कसल्या चालू आहेत?’ असा एक प्रश्न फेस लावण्याआधी विचारला पाहिजे. आप्पा विचारतात. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानंही विचारायला सुरुवात केली. घरी येण्याचे पैसे दुकानापेक्षा जास्त द्यायला हवेत, याबद्दल तर वादच नसावा.

दाढी ही किती जवळची, म्हणून किती धोक्याची आणि किती हवीशी गोष्ट आहे, हे २०२० साली सगळ्यांना कळलं. टाळेबंदीत तीन महिने बंद असलेली केशकर्तनालयं महाराष्ट्रात २८ जूनला उघडली, पण सुरुवातीला परवानगी केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांना होती. दाढीला बंदी होती. दोनच दिवसांनी, ३० जूनला, माउलींच्या पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या. माळशिरसला त्या वर्षी मुक्काम झाला नाही, रिंगण झालं नाही, सेवेच्या खुर्च्या मांडल्या गेल्या नाहीत. नाभिकांच्या घरांत त्या तीन महिन्यांत काय हाल झाले हे गावानं पाहिलं आहे. रोजची कमाई रोज खाणारा हा धंदा आहे.

पुतण्या : तुम्ही काहीही म्हणा, दाढी जाणार. पोरं आता दाढी ठेवतात. महाराजांसारखी दाढी, कपाळाला चंद्रकोर. पूर्ण दाढी काढायला येणारी माणसं सगळी पन्नाशीपुढची.

आप्पा : त्या दाढीच्या कडा कोण कोरतं? गालावरची रेघ, मानंवरची गोलाई? ते तुझं गुरगुरणारं यंत्र करतं का?

पुतण्या : नाही. तिथं पातंच लागतं.

आप्पा : आन कातडी ताणावी लागती का न्हाई?

पुतण्या : लागते.

आप्पा : मंग माझी दाढी गेली कुठं?

अमेरिकेत किंग जिलेटला सुरक्षित रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. घरोघरी माणसं आपली आपण दाढी करू लागली आणि आता वस्तरा संपला असं तेव्हाही बोललं गेलं असणार. तो संपला नाही, कारण दाढी करून घेणारा माणूस केवळ केस काढायला येत नाही. दिवसभर उसाच्या फडात, कारखान्यावर, बाजार समितीत राबलेल्या पुरुषाला मायेनं हात लावणारं माणूस फार थोडं असतं. आपल्याकडे पुरुष एकमेकांना स्पर्श करत नाहीत, स्वतःच्या थकव्याबद्दल बोलत नाहीत. त्या खुर्चीत तो मान मागे टाकतो, गळा उघडा करतो आणि धारदार पोलाद हातात असलेल्या माणसासमोर डोळे मिटतो. एवढा विश्वास तो घरातही क्वचितच दाखवत असेल. हा विश्वास सहा मिनिटांत उरकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हाच विश्वास आहे म्हणून वस्तऱ्याच्या बाबतीत मी पुतण्याच्या बाजूनं आहे. गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं असताना त्याच्या कातडीला आदल्या माणसाचं रक्त लागण्याची शक्यता राहू देणं बरोबर नाही, मग तो वस्तरा बापाचा असो की आज्याचा. आप्पांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा आक्षेप पात्याला नव्हताच. पातं आलं म्हणजे हात शिकवायची गरज संपली, या समजाला होता.

आप्पा : चल, तुझ्या मनासारखं. सेवेला पातं. पर येक अट. तुझी दोन्ही पोरं आठ दिस माझ्याकडं येतील. फुगा आनायचा न्हाई. म्या खुर्चीत बसनार, त्यांनी माझी दाढी करायची.

पुतण्या : आणि कापलं तर?

आप्पा : ताजी जखम कशी दिसती त्येबी कळंल. तुरटीचं पानी हाय की तुझ्या बाटलीत.

पुतण्या : तुमचा वस्तरा?

आप्पा : सेनाम्हाराजांच्या फोटूफुडं ठिवतो. पुण्यतिथीला पूजा करायची. धार मात्र म्या लावत राहणार.

पालखीच्या सेवेचा विचार करणाऱ्यांना काही सांगायचं आहे. वारीत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि केळी भरपूर वाटली जातात. सेवेकरी नाभिकांना पात्यांची पाकिटं मात्र स्वतःच्या खिशातून आणावी लागतात आणि रात्री उशिरा पाती कमी पडू लागली की एकाचा तुकडा दुसऱ्याला लावण्याचा मोह होतो. कुणाला देणगी द्यायची असेल तर ती पात्यांची द्यावी, एकदा वापरून टाकायच्या कागदी नॅपकिनांची द्यावी, हात धुवायच्या साबणाची द्यावी. वापरलेली पाती टाकायला जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा द्यावा, कारण ती उघड्या कचऱ्यात गेली की दुसऱ्या दिवशी गाव झाडणाऱ्या बाईच्या हातात घुसतात. आपल्या नेहमीच्या दुकानात बसल्यावर पातं समोर मोडायला सांगा, ब्रशबद्दल विचारा आणि शांतपणे केलेल्या दाढीचे कटिंगच्या तोलाचे पैसे द्या.

शेवटचं न्हाव्यासाठी. त्याचा हातही रोज कापतो आणि दुसऱ्याचं रक्त त्यालाही लागतं. हिपॅटायटिस बीवर लस आहे, मोठ्या माणसाला तिचे तीन डोस घ्यावे लागतात : पहिला, त्यानंतर महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. मार्गशीर्षात पहिला घेतला तर तिसरा ज्येष्ठात, पालखी आळंदीहून निघण्याच्या सुमारास पुरा होतो.